साठेकाकांना न दिलेलं मत

६ मार्च, रविवार
इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला साठेकाका पुन्हा उभे. सूचक म्हणून सही मी केली. आधी त्यांनी माझं पेन तपासलं, शाई निळीच हवी! लॉकडाऊनमध्ये सगळी सूत्रं त्यांच्या हातात होती. लॉकडाऊन उठला, हुकूम सोडायची सवय काही उठली नाही.
यंदा विरोधात चक्क कुणीतरी आहे. शर्वरी. वय एकतीस, भारतातून इकडे ॲडम्सटाउनला येऊन जेमतेम दोन वर्षं. आमच्याकडे अध्यक्ष म्हणजे चहाबरोबर टाळ्या वाजवून, बिनविरोध. बिचारीला चार मतं पडली तरी पुष्कळ.

९ मार्च
लंचमध्ये मंडळातल्या मैत्रिणीचा, नीलिमाचा फोन. "काका येणारच गं. पण पोरीची अगदीच शोभा नको व्हायला." खरंय.

१३ मार्च, रविवार
काका हरले.
कम्युनिटी सेंटरमध्ये सभा. काका पंचवीस मिनिटं बोलले, सगळं त्या दोन वर्षांचं. कुणाला औषधं, कुणाच्या दाराशी डबा, रोज संध्याकाळी सातला घरोघरी फोन. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काका, संपला तो कोविड." शर्वरी चारच मिनिटं. ढोलपथक, मुलांची सहल.
चिठ्ठी हातात आली. काका येणारच होते, म्हणून शर्वरीचं नाव लिहिलं. आणि इथे तरी खरं लिहावं, लिहिताना बरंही वाटलं. कंटाळले होते त्या आवाजाला.
शर्वरी ३८, काका २३.
काकांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग उठले आणि एकटेच खुर्च्या रचायला लागले. आम्ही सगळे बघत उभे. रडायला लागली ती शर्वरीच.

१४ मार्च
नीलिमानेही शर्वरीलाच दिलं. आणि घरी आमच्या मिलिंदनेही! "मला वाटलं, तू देतेयस ना काकांना." एका घरात राहून नवरा-बायकोला एकमेकांचं मत माहीत नाही. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे आहेतच.
ईरा सीरियल खाता खाता म्हणाली, "बट ही माइंडेड अस ऑल, आई. हू डिडन्ट व्होट फॉर हिम?"
"शाळेला उशीर होतोय," म्हटलं. होत नव्हता.

१८ मार्च
सुट्टी. पुढची खिडकी पुसायला घेतली आणि तशीच उभी राहिले.
बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. पुण्यातले अंत्यसंस्कार याच टेबलावर, लॅपटॉपवर पाहिले. मिलिंद ईराला घेऊन वर होता. काकांना घरात यायची परवानगी नव्हती. म्हणून समोरच्या पार्किंगमध्ये उभे राहिले, रेनकोट घालून, दीड तास. मी मान वर केली की दिसायचे. एकदाही खिशातून फोन काढला नाही. स्क्रीन बंद झाल्यावर हात जोडले आणि गेले.
आणि मला त्यांच्या आवाजाचा कंटाळा. लाज वाटते.

२३ मार्च
काका दारात. मंडळाच्या सामानाची किल्ली द्यायला आले होते: समया, सतरंज्या, मोठा कुकर.
"शर्वरीला तूच दे. कुकरची शिट्टी सैल आहे, सांग तिला."
"आत या ना काका."
"नको. गाडी चालूच आहे." पण गेले नाहीत. "ते तेवीस जण कोण, कागदावर लिहीत बसलो होतो. पहिलं तुझं नाव लिहिलं. पुढे काही सुचेना बघ."
मी म्हटलं, "हो काका."
हो काय? गप्प बसता आलं असतं.

२ एप्रिल, शनिवार
पाडव्याचा कार्यक्रम झाला. छान झाला, तेच तर. काका आले नाहीत. शर्वरी तीनदा विचारून गेली. "ताई, काका तुमचं ऐकतात. तुम्ही बोला ना."
आता काकांच्या घरासमोर आहे. पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितेय. बाहेर पाऊस. मांडीवर श्रीखंडाचा डबा. सांगून मोकळं व्हायचं, एवढं ठरवून निघाले होते. पण सांगितलं तर त्यांच्या कागदावरचं ते एकच नाव जाणार. मोकळी मी होणार, त्यांचं काय?
स्वयंपाकघरात दिवा लागला. खिडकीत आलेत. मला बघितलं. हातानेच विचारतायत, काय झालं?
मला दार उघडता येत नाहीये.
घरातल्या चपला तशाच घालून, छत्री घेऊन बाहेर येतायत.