बाकावरचा मधला माणूस

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

बिन्यामीन गेला. म्हणजे तसा नव्हे — विमानाने. मुलीकडे, इस्रायलला, अश्दोद शहरात, कायमचा. सामानात पाच किलो पोहे. म्हणे, "तिथल्या पोह्यांचा मलिदा गिळगिळीत होतो." विमानतळावर ती पिशवी उघडायला लावली असेल आणि हा तिथे मलिद्याची कृती सांगत बसला असेल. दिवसभर हसू येतंय.

आम्ही बेने इस्राएली भिवंडीत उरलोय किती? बोटांवर मोजण्याइतके. आणि बोटं दहाच हवीत. दहा पुरुष जमले तरच कपाट उघडायचं आणि तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढायची, असा नियम. बिन्यामीन धरून अकरा होतो. आता नेमके दहा.

पण माझी काळजी वेगळीच आहे. प्रार्थना संपली की आमच्यात हातबोशी होते. वडीलधारा माणूस शेजाऱ्याचे हात आपल्या हातांत घेतो, सोडतो, आपली बोटं ओठांना लावतो. शेजारी तेच पुढच्याशी करतो. वर्गात वह्यांचा गठ्ठा बाकाबाकावरून सरकत जातो तसा सलोखा या टोकापासून त्या टोकाला जातो. बोलायचं काही नाही.

आमच्या बाकावर मी, मग बिन्यामीन, मग मुसाजी. अकरा वर्षं हीच रांग. माझा हात मुसाजीला लागू नये म्हणून बिन्यामीन मधे बसायचा. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून बसायचा.

आज संध्याकाळी मधे कोण?

३१ ऑगस्ट, रविवार

शनिवारी लिहीत नाही, म्हणून परवाचं आज.

मधे कुणीच नाही. हात उजवीकडून माझ्यापर्यंत आला. गरम, कोरडा, चांगला हात. पुढे बिन्यामीनच्या जागेवर त्याची जुनी गादी. तिच्यापलीकडे मुसाजी पंख्याकडे बघत बसलेला. मी पुस्तकाची पानं सारखी केली. सगळं प्रार्थनालय आमच्याकडे बघत होतं. शेवटी हात तिथेच संपला. मुसाजीच्या पुढचे चौघे तसेच बसून राहिले.

बाहेर पडताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नव्याच्या सणापासून मी ठाण्याला जाणार. इथे लाइन तुटलीय."

मुसाजी गेला तर नऊ. ट्रस्टी म्हणाले, दारफाळणीच्या सणालाही दहा जमले नाहीत तर तोरा ठाण्याला द्यायची. दारफाळणी म्हणजे आमचा उपासाचा आणि क्षमेचा दिवस. यंदा २ ऑक्टोबर. गुंडाळीच गेली तर चार बाकांना कुलूपच.

रागाचं कारण इथे नीट लिहून ठेवतो. मलाच ते हल्ली पुसट आठवतं. २०१४ च्या मलिद्याच्या दिवशी, गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या आमच्या सणाला, मी योसेफाचं कीर्तन केलं. सहा महिने खपून रचलं होतं — साकी, दिंडी, ओवी, चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं सगळं त्यात ओतलं. भाऊ योसेफाला विहिरीत टाकतात, त्या करुण कडव्यावर मुसाजी मोठ्याने हसला. मग सगळेच हसले. मी पेटी उचलली आणि निघालो. वाटेत बायको, लेआ, म्हणाली, "मी सांगितलं होतं, ते एक कडवं गाळा." पुढच्या वर्षी ती गेली. तिच्याशी मी चारच दिवस अबोला धरला. मुसाजीशी अकरा वर्षं.

मुसाजी दुसरीपासून माझ्या बाकावरचा. पुढे तो सातवीतून लूमवर गेला, मुकादम झाला. मी मास्तर झालो. तरी कविता पाठ करायला तो मला लूमखात्यात बोलवायचा. "इथे ठेका आयता मिळतो रे दान्या." खरंच मिळायचा. अजून कुठलं वृत्त आठवायचं असलं की मला आधी लूमची खटखट ऐकू येते.

९ सप्टेंबर

दिवसभर लाइट नाही. लूम बंद. गाव इतकं शांत, की झोप लागली नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

वळ गावचा चांगदेव आला. माझा विद्यार्थी, आता सहा गोदामांचा मालक. चप्पल मात्र अजून दाराबाहेर काढतो आणि पाठ केलेलं न आल्यासारखा उभा राहतो.

"मास्तर, तुमाला पोलीस ठेसनात यायाचा हाय."

मी घाबरलो. मृणाली — माझी सून — स्वयंपाकघरातून हातातल्या लाटण्यासकट बाहेर आली.

"शांतता कमिटी वो. नवरात्राची मीटिंग. सायेब बोलले, सगल्या धर्माची मानसं पायजेत. सगली हायेत. ज्यू न्हाय."

"मी काय करणार तिथे?"

"दोन शब्द बोला. तुमाला बोलायची सवय. आमची गेलीच ना पाच वर्सां ऐकन्यात."

झोपण्यापूर्वी सहा कडवी झाली. शांतीवर. छान झालीत!

१९ सप्टेंबर, शुक्रवार (दुपारी)

मीटिंग झाली. मिरवणुकीचा रस्ता, भोंग्याची वेळ, कामतघरच्या वळणावरचा खड्डा. खड्ड्यावर सगळ्या धर्मांचं एकमत झालं. वडे उत्तम.

माझी पाळी आली. पहिलं कडवं म्हटलं. साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "वा सर. अजून आहे का?" म्हणजे नसावं. मी कागद घडी केला.

तेवढ्यात मोमीनचाचांनी हात वर केला. लूमवाले, माझ्याच वयाचे. "मास्टरजी, बुरा मत मानना. उधर जो हो रहा है, आप क्या बोलते हो?"

घडी केलेला कागद मी खिशात घातला. जे आलं ते बोललो. "चाचा, माझा मित्र तिथे गेलाय. सायरन वाजला की म्हातारा जिना उतरून तळघरात जातो. मला झोप येत नाही. मग वाटतं, भिंतीपलीकडे माझ्याच वयाचा कुणी असेल, त्याच्याकडे उतरायला तळघरही नाही, वर घरही नाही. मला दोघांसाठी झोप येत नाही. यापेक्षा मोठं मला काही कळत नाही."

मोमीनचाचांनी आपल्या बशीतला वडा माझ्या बशीत ठेवला. "नींद तो मुझे भी नहीं आती."

बाहेर चांगदेव म्हणाला, "कवितेपरास ह्या बरा झाला मास्तर."

सहा कडव्यांपैकी पाच उरलीत. राहू देत.

२१ सप्टेंबर, रविवार

मृणालीला बाजारात मुसाजी भेटला. घरी येऊन भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू. "पप्पा, मुसाकाकांचा निरोप आहे. राग नाही ना धरणार?"

"सांग."

"'सासऱ्याला म्हणावं, गावभर शांतता वाटत फिरतो, बाकावर दोन वीत हात जात नाही.'"

राग धरला. जेवण होईपर्यंत टिकला. वरणाला फोडणी फार छान होती आणि तो म्हणाला ते खरं होतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

नव्याचा सण झाला. आमचं नवं वर्ष लागलं. सफरचंद, मध, नवे कपडे, सगळं झालं. पण पुरुष नऊ. मुसाजी बोलल्याप्रमाणे ठाण्याला गेला.

कपाट उघडलं नाही. त्याच्यासमोर उभं राहून जेवढं नऊ जणांना म्हणता येतं तेवढं म्हटलं. बायका पलीकडून डोळ्यांनीच मोजत होत्या. एक-दोनदा दाराशी पाऊल वाजलं. सगळ्यांनी माना वळवल्या. कुरियरवाला शेजारचा पत्ता विचारत होता.

माझं नाव याच कपाटासमोर ठेवलं. लग्न इथलंच. लेआ छत्रीखाली, म्हणजे आमच्या मांडवाखाली, उभी राहून माझी टोपी सरळ करत होती.

२६ सप्टेंबर

बिन्यामीनचा मेसेज. "तळघरात बाक आहे. मुलगी आणि जावई भांडलेत. मी मधे बसतो."

२८ सप्टेंबर, रविवार

शास्त्र सांगतं, देवाचा अपराध असेल तर देवाकडे क्षमा मागा. माणसाचा असेल तर त्या माणसाच्या दारात जा, देव मधे पडत नाही. तेही दारफाळणीच्या आत. लहान मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट. मी दरवर्षी सगळ्यांच्या दारात जातो, एक सोडून.

क्षमेची कविता लिहायला घेतली. चार खर्डे झाले. चौथ्यात मुसाजीच माझी क्षमा मागतोय!

मृणालीने वाचले. म्हणाली, "पप्पा, कविता नको. नुसते जा."

३० सप्टेंबर, मंगळवार

कामतघरपर्यंत गेलो. रिक्षावाल्याला म्हटलं, थांब. मुसाजीच्या चाळीचा जिना दिसत होता. मग म्हटलं, वळव.

तो म्हणाला, "चाचा, कुछ भूल गए क्या?"

हो म्हटलं.

१ ऑक्टोबर, बुधवार (तीन वाजता. संध्याकाळी उपास लागतो.)

गेलो. नुसताच.

दार उघडं होतं. मुसाजी खिडकीशी, मांडीवर उद्याचा पांढरा सदरा, हातात सुई. केवढा वाळलाय! वर न बघता म्हणाला, "दोरा ओवला जात नाही." अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

मी ओवून दिला. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याचं राहिलंय.

"मुसा, मी क्षमा मागायला आलोय."

"कसली?"

"हात दिला नाही त्याची."

तो बटण लावत राहिला. मग म्हणाला, "कीर्तनाचं अजून धरून बसलायस ना? अरे दान्या, मी तुला हसलोच नव्हतो. तुझ्या मागे बकरी होती."

"बकरी?"

"मागच्या दाराने आलेली. तू डोळे मिटून योसेफाला हाक मारलीस आणि तिने मलिद्याच्या ताटात तोंड घातलं. आता सांग, कोण हसणार नाही?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोलायला तू थांबलास? पेटी काखेत मारून पसार. शिफ्ट सुटल्यासारखा."

मला हसू फुटलं. इतकं, की दाराचा आधार घेतला. बकरी! माझं कडवं नव्हे, बकरी! अकरा वर्षं छातीवर असलेला दगड म्हणजे शेळीची लेंडी निघाली. तोही हसायला लागला, सुई हातात तशीच.

म्हटलं, "उद्या ठाण्याला जाणार?"

"एवढ्या लांब कोण जातो उपाशी पोटी."

त्याने दाताने दोरा तोडला. मी आता आंघोळ करून पांढरं घालतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज शिळा सण, दारफाळणीनंतरचा दिवस. उपास उतरला, अंग हलकं आहे.

काल दसराही होता. बाहेर झेंडूची तोरणं, आत आम्ही पांढरे दहा जण. दहावा पहाटेच येऊन बसला होता. बिन्यामीनची गादी त्याने उचलून खिडकीत ठेवली आणि माझ्याकडे सरकला. कपाट उघडलं. गुंडाळीच्या घुंगरांचा आवाज मला शाळा सुटल्याच्या घंटेसारखा वाटला.

अंधार पडल्यावर शेवटची प्रार्थना झाली आणि हात निघाला. माझ्यापर्यंत आला. मी मुसाजीचे हात हातांत घेतले. त्याच्या दोन बोटांची पेरं लूमवर गेलीत, हे मी विसरलोच होतो. आठ बोटं आणि दोन अर्धी. त्याने ओठांना लावली, पुढच्याला दिली. लाइन शेवटपर्यंत गेली.

तोरा इथेच राहणार. ट्रस्टींनीच सांगितलं.

बाहेर मोमीनचाचा चहाची किटली घेऊन उभे. "सुना दिनभर पानी भी नहीं पिया." मुसाजीने त्यांना बकरीची गोष्ट सांगितली. फारच रंगवून. चाचांच्या दाढीतून चहा सांडला.

१२ ऑक्टोबर, रविवार

बिन्यामीनने फोनवर जुना व्हिडिओ पाठवला. २०१४ चं कीर्तन, त्यानेच काढलेलं. मृणालीने लावून दिला.

मी डोळे मिटून गातोय. मागच्या दाराला कडी. दारासमोर खुर्च्यांची चळत. मलिद्याचं ताट टेबलावर, पांढऱ्या रुमालाखाली, शेवटपर्यंत जसंच्या तसं.

आणि कडवं —

भाऊ वरती जेवती, खाली योसेफ उपाशी
वरून पडली एक पुरी, लागली त्याच्या नाकाशी

मुसाजी हसतो. लगेच स्वतःच्या तोंडावर हात दाबतो आणि घाबरून माझ्याकडे बघतो. माझे डोळे मिटलेले.

दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा मीही हसलो.

मृणालीला म्हटलं, हे मुसाकाकांना पाठवू नकोस.

शांतता कमिटीने चुकीचा म्हातारा निवडला. शुक्रवारी बाकावर मुसाजीला एवढंच विचारीन — बकरी काळी होती की पांढरी?