दुधाचे मणी

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. पत्रात लिहावा लागतो म्हणून लिहिला. इकडे सगळं ठीक. वहिनींचा खोकला थांबला असेल. दुकानाच्या काचेवर तू सोनेरी अक्षरं काढून घेतलीस असं कळलं. तुला शोभतील.

कळवायचं ते असं. ज्या बाईंना तू आपली दुधाच्या प्लास्टिकची, म्हणजे नासवलेल्या दुधाचा चोथा कडक करून घडवलेल्या मण्यांची, माळ ‘शंभर वर्षांपूर्वीची, अस्सल’ म्हणून विकलीस, त्या काल इथे कारखान्यात आल्या. शाळेत शिकवतात. दिवसभर माळ गळ्यात होती, घाम आला, आणि संध्याकाळी गळ्याला नासक्या दुधाचा वास येऊ लागला. “शंभर वर्षं टिकलेलं दूध आजच कसं नासलं हो?” त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. तू असतास तर हसून वेळ मारून नेली असतीस. त्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

उगाच तुझ्यावर आळ नको म्हणून मी आधी माझीच चूक शोधली. मणी ज्यात मुरवून कडक करतो त्या पिंपातल्या औषधाचा जोर तपासला. आमच्याकडचे मणी कापून पाहिले, ते गाभ्यापर्यंत शिंगासारखे टणक निघाले. मग बाईंच्या माळेतला एक कापला. वरून कडक, आत ओला चोथा. म्हणजे मी आणि आत्या नसताना तू पिंपातून अर्धे मुरलेले मणी उपसून नेलेस, तेच हे. तुला प्रदर्शनाची घाई होती. जाड मणी आतपर्यंत मुरायला महिने लागतात, हे आत्याने आपल्याला लहानपणी शेजारी बसवून शिकवलं होतं. तू तेव्हा बटणांच्या चकत्या उडवत होतास.

जगाने सोडून दिलेली वस्तू आपण पुन्हा करून दाखवली, ही बढाई तुला पुरली नाही. तुला ती जुनी हवी होती. तेही एक वेळ मी गिळलं असतं.

पण बाईंनी फोन केल्यावर तू काय सांगितलंस? माळ जुनीच आहे, साफ करताना आमच्या आत्याने बिघडवली, तिचं वय झालंय, आता अंदाज राहत नाही. बाईंनी ते जसंच्या तसं इथे सांगितलं. आत्या आतल्या खोलीत पॉलिश करत होती.

ती बाहेर आली, कापलेला मणी नाकाशी धरला आणि बाईंची माफी मागितली. मी सगळं खरं सांगितलं. बाईंना पटलं. नवी माळ नवी म्हणूनच घेईन, मुरेपर्यंत थांबेन म्हणाल्या. आत्याला मात्र पटलं नाही. “तो असं करायचा नाही गं. मीच लवकर काढले असतील.” आज सकाळी तिने पिंपांकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीत बसून राहिली. म्हणाली, आता तूच बघ, माझा भरवसा नको.

तिला पटेल ते फक्त तुझ्या तोंडून. तुझा शब्द अजून कुणी मानतं, तेही तिने मानावं, याहून लाजिरवाणं मला काही माहीत नाही. नाहीतर तुला लिहायला मी बसले नसते.

रविवारी ये. तिच्यासमोर उभा राहून “मी काढले” एवढंच म्हण. पुढे कारण जोडू नकोस. तोवर इथून एक मणीही तुझ्या दुकानात येणार नाही.

तुझी, नाइलाजाने,
धाकटी