केसपेपरवर रोगाचे कारण म्हणून लिहिलेल्या सासूबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
वत्सलस्मृती धर्मादाय रुग्णालय,
मीरा रोड (पूर्व), जि. ठाणे.

अर्जदार : श्रीमती आनंदी काशीनाथ घवाळी, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, रा. पेणकरपाडा, मीरा रोड (पूर्व).

विषय : सून सौ. निशिगंधा निकेत घवाळी हिच्या पोटदुखीचे कारण म्हणून केसपेपरवर घेतलेली अर्जदाराची नोंद रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या स्वागतकक्षातून मिळालेला तोंडी सल्ला, "आजी, लेखी द्या."

महोदय,

उपरोक्त सल्ल्यास अनुसरून अर्जदार लेखी देत आहे. तिची नोकरी शासकीय कार्यालयात आवक-जावक पाहण्यात गेली असल्याने लेखी देण्याचे तिला भय वाटत नाही. भय लेखी घेणाऱ्यास वाटते, असा तिचा अनुभव आहे.

१. अर्जदाराची सून निशिगंधा पूनम सागर येथील एका बालवाडीत शिकवते. गेल्या दिवाळीपासून तिच्या पोटात उजव्या बाजूस, खाली, दुखू लागले. जेवण झाले की पळावे लागे, नाहीतर मग दिवसचे दिवस पोट साफ होत नसे. अन्नावरची वासना गेली. लग्नात शिवलेले ब्लाउज आत दोन-दोन टिपा घालूनही खांद्यावरून उतरू लागले. मुलांना गोल बसवून गाणी म्हणायची तर ती मध्येच भिंत धरून उभी राहू लागली. म्हणून तिला आपल्या रुग्णालयातील डॉ. यतीन संघराजका यांना दाखविण्यात आले.

२. डॉक्टरसाहेबांनी पहिल्या भेटीत "गॅस आहे" असे सांगितले. दुसऱ्या भेटीत "बाहेरचं खाणं बंद करा" असे सांगितले. त्या वेळी ती घरचेही खात नव्हती. तिसऱ्या भेटीत जंतांची गोळी दिली. त्यानंतर सोनोग्राफी झाली. तिच्या अहवालात वायूमुळे आतड्याचा भाग नीट दिसत नाही असे लिहिले होते. डॉक्टरसाहेबांनी त्यातले "दिसत" सोडून "नाही" तेवढे वाचले आणि काही नाही असे जाहीर केले. अर्जदाराच्या कार्यालयात एखाद्या शिपायाने बंद कपाटाला बाहेरून हात लावून "फाईल नाही" असे सांगितले असते, तर त्याला कपाट उघडायला परत पाठविले असते. येथे मात्र पुढच्या पेशंटला हाक मारण्यात आली.

३. यानंतरच्या भेटीत अर्जदार बाहेर बाकावर बसली होती. आत काय झाले ते निशिगंधाने रिक्षात सांगितले. डॉक्टरांनी विचारले, "घरी कोण कोण असतं?" ती म्हणाली, "मी, मिस्टर आणि सासूबाई." डॉक्टर म्हणाले, "सासूबाईंशी पटतं?" ती म्हणाली, "पटतं तसं." झाले. त्या "तसं" वर डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली आणि केसपेपरवर काहीतरी लिहून झोपेची गोळी दिली. त्यांचा हात त्या दिवसापर्यंत तिच्या पोटाला एकदाही लागलेला नव्हता.

गोळी घेताना अर्जदाराने कागद औषधाच्या दुकानदारास दाखविला. "स्ट्रेस, डोमेस्टिक, एमआयएल" असे त्यावर होते. एमआयएल हा एखादा जंतू असावा अशा समजुतीने अर्जदाराने त्यावरचे औषध मागितले. दुकानदार कागद उलटसुलट करीत म्हणाला, "आंटी, एमआयएल मतलब मदर-इन-लॉ. ये तो आप हो." निशिगंधा काउंटरला टेकून खाली बघत राहिली. अर्जदाराने गोळीचे पैसे मोजून दिले. रिक्षात बसल्यावर तिने सुनेला विचारले, "तुला तसं वाटतं का गं?" ती म्हणाली, "मला फक्त दुखतंय, आई. बाकी काही वाटायला जागाच नाहीये."

४. कर्मचाऱ्यावर ठपका आला की चौकशी होईपर्यंत त्याला दूर ठेवतात. अर्जदाराने स्वतःवर तीच कारवाई केली. पिशवी भरून ती वरसावे येथे आपला भाऊ धाकू याच्याकडे राहावयास गेली. धाकूने विचारले, "भांडलीस काय?" ती म्हणाली, "नाही. डॉक्टरांनी मला रोग ठरवलंय. मी नसल्यावर तिला बरं वाटतं का ते बघायचंय." धाकू हसला, पण अर्जदाराच्या तोंडाकडे बघून त्याने पिशवी आत नेऊन ठेवली. खोटे कशाला सांगावे, तिला मनातून भीतीच वाटत होती. आपल्याशिवाय सून खरेच बरी झाली तर काय, ही ती भीती. आणि बरी झाली तर परत जायचे नाही, हेही तिने ठरविले होते.

महिना उलटत आला तेव्हा मुलाचा, निकेतचा, फोन आला. निशिगंधा बालवाडीत चक्कर येऊन पडली होती. अर्जदार तशीच निघाली. घरी पोचली तेव्हा सून भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. तिचा चेहरा ओंजळीत मावेल एवढा झाला होता. कपाळ गरम लागत होते. तिने डोळे उघडले आणि काही गुन्हा केल्यासारखी म्हणाली, "आई, तुम्ही नव्हतात तरी दुखतच होतं."

५. दुसऱ्या दिवशी अर्जदार बाकावर बसली नाही. ती सुनेला घेऊन आत गेली. तिने सांगितले, "डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं कारण महिनाभर वरसाव्याला होतं. दुखणं मात्र इथेच आहे. आता पुढचं सांगा."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "आजी, ताण असा लगेच जात नाही. तो आत साठलेला असतो."

"मग आतच बघा ना. आतून बघायची काही सोय आहे की नाही?"

"त्याची गरज नाही. इंटरनेटवर वाचून येत जाऊ नका."

अर्जदाराचा फोन बटणांचा आहे, हे तिने टेबलावर ठेवून दाखविले. मग ती म्हणाली, "गरज नाही, एवढं लिहून द्या. खाली सही करा. मी जाते."

डॉक्टरसाहेबांनी पेन उचलले आणि परत ठेवले. सासू लिहिताना ज्या पेनाला क्षणभर विचार करावा लागला नव्हता, ते या दोन शब्दांपाशी अडले. यांना रोग माहीत नाही, आणि माहीत नाही असे म्हणण्याची यांना सवयही नाही, हे अर्जदाराला तेव्हा कळले. "लिहून द्या, नाहीतर ज्यांना कळतं त्यांच्याकडे पाठवा. तोवर आम्ही इथेच बसतो," असे म्हणून तिने सुनेला पेशंटच्या खुर्चीत बसविले व स्वतः दारात उभी राहिली. बाहेरची माणसे कुरकुरू लागल्यावर डॉक्टरसाहेबांनी पोटाच्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली. तीवर "नातेवाइकांच्या आग्रहास्तव" असे लिहावयास ते विसरले नाहीत.

६. दुसऱ्या रुग्णालयातील त्या तज्ज्ञ डॉ. नीलिमा यांनी सासूची चौकशी केली नाही. त्यांनी निशिगंधाला झोपविले, पोट दाबून पाहिले, आणि उजवीकडे हात आल्यावर ती कळवळली तेव्हा विचारले, "संध्याकाळचा ताप येतो का?" ती म्हणाली, "रोजच कसकस असते." हे आजवर कोणी विचारले नव्हते आणि तिला सांगायचे सुचले नव्हते. पुढे रक्त, सीटी स्कॅन, दुर्बिणीने आतड्याची तपासणी, तुकडा काढून तपासायला पाठविणे, असे सर्व झाले. आतड्याचा क्षयरोग निघाला. डॉ. नीलिमा म्हणाल्या, "औषधं नेमाने घ्यायची, मध्येच सोडायची नाहीत. बरी होशील." निशिगंधा रडू लागली. निकेत तिला म्हणाला, "अगं, बरी होणार म्हणतायत." ती म्हणाली, "म्हणून नाही रडत. खरंच काहीतरी होतं, म्हणून रडतेय."

७. हा अहवाल अर्जदाराने मुद्दाम येऊन डॉ. संघराजका यांना दाखविला. ते चहा घेत होते. "हे कधीकधी लवकर कळत नाही. चला, निदान झालं ना," असे म्हणून त्यांनी तो परत केला. आपल्या केसपेपरवर आजही एमआयएल कायम आहे. अर्जदार आपल्या प्रतीक्षागृहात तासभर बसली, तेव्हा पोट धरून बसलेल्या आणखी काही सुना तिने पाहिल्या. त्यांच्या सासवा आपल्यावर काय नोंद झाली आहे याची कल्पना नसताना घरी भाजी निवडत असतील.

८. सबब विनंती की, सदर नोंद खोडून तेथे रोगाचे खरे नाव लिहावे व खोडल्याचे अर्जदारास कळवावे. रेकॉर्डवरचे खोडता येत नाही असे स्वागतकक्षाचे म्हणणे आहे. येते. बाजूला सही करायची असते. तसेच पोटाच्या पेशंटला घरी कोण असते हे विचारण्याआधी पोटाला हात लावावा, असे परिपत्रक काढावे. त्याचा मसुदा अर्जदार विनामोबदला करून देईल.

९. सून आणि अर्जदार यांच्यात भांडण नाही, असा दावा येथे केलेला नाही. उलट आजारपणात सून सगळ्याला "हो आई, बरं आई" म्हणू लागली होती तेव्हाच अर्जदाराचा जीव धास्तावला होता. गेल्या रविवारी निशिगंधाने पूर्ण पोळी खाल्ली, आमटीची वाटी पुढे सारली आणि म्हणाली, "आई, यात मीठ जास्त झालंय. नेहमीच होतं. तुम्हाला कोणी सांगत नाही एवढंच." अर्जदाराने चांगलेच सुनावले. तिनेही ऐकून घेतले नाही. आवाज इतका चढला की निकेतने उठून खिडकी लावून घेतली. हे बराच वेळ चालले आणि दोघींनाही त्यानंतर छान झोप लागली. या प्रकाराची नोंद आपण कोठेही घेऊ नये.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
आनंदी काशीनाथ घवाळी

ठिकाण : पेणकरपाडा
दिनांक : १४ जुलै २०२५

सोबत : तपासणी अहवालांच्या छायाप्रती. कृपया पूर्ण वाचाव्यात.