कढईखालचा नमुना

बडोदे, ऑक्टोबर २००३
मंगळवार, संध्याकाळ

वास अजून जात नाहीये. सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्यात.

सकाळी आम्हा आर्किटेक्टांच्या वर्गात इमारतीला बाहेरून लावायच्या ॲल्युमिनियम पॅनेलबद्दल शिकवलं. मी विचारलं, आग लागली तर? पॅनेलच्या कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, ते चहानंतर बोलू." चहानंतर नमुने वाटले आणि वर्ग संपला!

तो नमुना मी ओट्यावर ठेवला होता. सासूबाईंनी त्यावर भज्यांची गरम कढई उतरवली. दोन्ही पत्रे सुटले आणि मधलं काळं प्लास्टिक ओघळलं. "असलं कसलं गं आणलंस?" म्हणाल्या.

हेच पॅनेल उद्या इथल्या वासणा भागातल्या प्रसूतिगृहावर चढायचंय. लगेच मालकांना, पटेलभाईंना, फोन केला. ते हसायलाच लागले. "बेन, आपणे क्यां एना पर रसोई करवानी छे?" आपल्याला कुठे त्यावर स्वयंपाक करायचाय, म्हणे. त्यावर मीही हसले. का हसले मी?

फोन ठेवून नकाशा उघडला. वास बोटांनाही येतोय.

पॅनेलची भिंत चार मजले वर जाते. तिच्या पायथ्याशी, तळमजल्यावर, बाळंतिणींचं स्वयंपाकघर आहे. मीच काढलेलं.