काहिलीतून काजळ्याच्या मागं

१५ जानेवारी १९५२

काजळ्या सुटला! घागरीत कोंडलेलं भूत, माझ्याच हातून!

पंत, माझे मांत्रिक गुरू, सकाळी बाहेर पडले. जाताना दोनदा बजावलं, "सांडू, घागरीचं झाकण काढायचं नाही. आतला काहीही बोलो." मी बसलोच होतो. पण कालच्या संक्रांतीचे पतंग अजून उडत होते, एक कटला, म्हणून जरा गच्चीवर गेलो. परत आलो तर घागरीतून आवाज — "पाव्हणं, चुना हाय का?"

तळहातावर तंबाखू घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज. आता चुन्याला नाही कोण म्हणतं? वैऱ्यालाही देतात. डबी काढली. झाकण उचललं.

नुसता काळा धूर! नेमकी दारात आशाक्का, माझी थोरली बहीण, डोक्यावर पेरूची पाटी. "सांड्या, भाकरी खाल्लीस का—" एवढंच. धूर तिच्या तोंडात शिरला आणि निघून गेला. तोंड हलतंय, आवाज नाही!

१६ जानेवारी

आक्का तरीही शहागंजात गेली. तिची आरोळी पार घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जायची. आज नुसते हात हलवत बसली. गिऱ्हाईकं शेजारच्या चतुराबाईकडं. पाटी भरलेली परत आली. दाजी वारले, पोरं दोन, सगळं त्या आरोळीवर.

पंत एवढंच म्हणाले, "चुन्यासाठी, सांडू?" शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंत म्हणतात, अमावास्येपर्यंत आवाज काजळ्याच्या पोटात जिवंत राहतो. मग पचतो — कायमचा. काजळ्या जुन्या समुद्रात पळालाय. हा समुद्र गारखेड्याच्या काळ्या रानाखाली असतो. मंत्र म्हटला की वर येतो, म्हणणाऱ्यापुरता. पंतांचे गुडघे गेलेले. मलाच जायचंय.

१७ जानेवारी

समुद्र आहे, नाव कुठाय? आमच्याकडं नाव कुणी पाहिलीय! पैठणकडं पुरात लोक गुळाच्या काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, बसून नदी पार करतात, ते आठवलं. गारखेड्याच्या गुऱ्हाळवाल्या नानासाहेबांकडं गेलो. म्हणाले, "जुनी हाय, घेऊन जा. पर गूळ करणार का अंघोळ?" मग गुऱ्हाळावर रस प्यायला बसलो. तिथं एकजण अस्वलाची गोष्ट सांगत होता. दिवस गेला!

१८ जानेवारी

आला! समुद्र आला! ज्वारीच्या ताटांवरून पाणी चढलं, काहील उचलली गेली. चिकलठाण्याकडं पाणी, वाळूजकडं पाणी. दौलताबादचा किल्ला बेटासारखा.

नानासाहेबांचा सालगडी कडूबा बांधावर उभा. त्याला पाणी दिसत नाही, नुसता मी — ज्वारीत काहील घालून बसलेला, हातात वल्हवायला फळी.

"सांडूभाऊ, रस कुठाय?"

"कडूबा, हट तिथनं, बुडशील!"

"व्हय व्हय. घरी सांगू का काय?"

काहील गोल. सरळ जातच नाही, गरगर फिरते. ओकलो.

१९ जानेवारी

धुकं. आणि धुक्यातून आक्काची आरोळी! "गोऽऽड पेरू! खाऊन तर बघा!" तिच्या आवाजात तो मला चिडवत होता. तसाच मागं लागलो. मग काहिलीखालून मासे गेले — पोटात दिवे लावलेले मासे! पाहत राहिलो. आरोळी कधी थांबली कळलंच नाही. मी गाढव आहे.

२१ जानेवारी

दिवसभर नुसता गरगरलो. कुठं नाही.

२३ जानेवारी

सापडला. किल्ल्याच्या कड्याखाली, पाण्यावर. हात नाही पाय नाही — नुसता धूर आणि एक मिटलेलं तोंड. बांधायचा मंत्र सुरू केला आणि अर्ध्यावर विसरलो! उर्दू शाळा चौथीत सुटली, पोलिस ॲक्शननंतर मराठी शाळेत घातलं ती तीन महिन्यांत सुटली, मंत्रही तसाच. तोंड फळीनं उचकटायला गेलो, फळी मोडली. आतून आक्काचा आवाज ऐकू येत होता, बारीक, विहिरीत पडल्यासारखा.

२४ जानेवारी

पंतांना विचारलं, त्याचं तोंड उघडतं कधी? म्हणाले, "नवं काही गिळायचं असेल तेव्हा. तेव्हा आतलं बाहेर पडतं." आणि लगेच, "तू नाही. मी येतो."

"पंत, काहिलीत दोघं मावत नाहीत."

मावतात तशी.

२५ जानेवारी

आक्कानं वाढलं. बोलता येत नाही म्हणून भाकरी आपटते. धाकटी पोरगी म्हणाली, "मामा, आई रुसली का?" हसलो. मग उगाच बोलत बसलो — अस्वल, मासे, कडूबा, काय काय. आक्का हातानंच म्हणाली, पुरे! मी थांबलो नाही. इतका बोललो की घसा बसला.

२६ जानेवारी

अमावास्या. ऊन वर आलं की निघतो. नवी फळी घेतलीय.

२७ जानेवारी

आशाक्का सकाळपासून गल्लीभर हाका मारतेय. "सांड्याऽऽ! ए सांड्या! कुठं मेलास रे!" सगळी गल्ली दारात आली. मी तिच्या मागंच उभा होतो. तोंड हललं, ओ देता आली नाही.