विबेकेशेजारची जागा

होयर,
६ मार्च २०११

चि. त्रिनेस,
आजीचे अनेक उ. आशीर्वाद. त्यातला एक गालावर लाव, गाल अजून शिल्लक असले तर.

तुझा फोटो आला आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. हिरवा कोट, बारीक कंबर आणि हनुवटी एकच. ऍप्रनच्या खिशात घालून मी तो गावभर फिरवला. खाटकाने विचारलं, ही कोण नटी. मी म्हटलं, नटी कसली, माझी नात आहे, मागच्या शरदात पोटाचं ऑपरेशन करून घेतलंय, आता पोटाची पिशवी अंड्याएवढी उरली आहे. तर तो मेला म्हणतो, मग माझी सॉसेजं कुणी घ्यायची. शेजारची हान्ने म्हणाली की आता तिला समुद्राच्या बांधावर फिरायला नेऊ नकोस, वारा उचलून जर्मनीत टाकील. जळते ती. तिची सून दारातून तिरकी होऊन आत येते.

अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. मी शाळेत गेले ती हिवाळ्यापुरती, उन्हाळ्यात बदकं राखायची असायची. पण फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही.

माझ्या वाढदिवसाच्या कॉफीची गोष्ट. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे, सात प्रकार मऊ, सात प्रकार कडक, आणि पाहुण्याने एक जरी वगळला तरी यजमानीण विचारणार की त्यात काय उंदीर पडला होता का. मी तुला काही म्हणणार नव्हते. हान्नेने टोचून टोचून तुला राय-ब्रेडच्या केकची एक फोड खायला लावली. मग तुझा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला, घाम फुटला, आणि मी तुला मागच्या खोलीतल्या लांब बाकावर निजवलं. ओलं फडकं घेऊन परत आले तर तू डोळे मिटून म्हणत होतीस, आई, सरक ना जरा, मला टेकू दे.

पोरी, तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई, माझी विबेके, गेली. तू आजारी पडलीस की ती त्याच बाकाच्या टोकाला बसायची, तिथेच, डाव्या हाताला. मी घाबरलेली नाही. मला फक्त खरं सांग, कोण होतं तिथे?

हान्नेच्या मांजरीला पिल्लं झालीत, एक तुझ्यासाठी ठेवू का? ते खात काही नाही, तुमचं जमेल.

लोभ आहे तो आहेच, तू तेवढी ओस पडू देऊ नकोस त्याला.
तुझी आजी बोथिल्डे


ओडेन्से,
१३ मार्च २०११

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मांजर नको. घरात माझ्याखेरीज आणखी कोणी नखरे करणारं नको.

तू विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर कुणालाच सांगणार नव्हते. ऑपरेशननंतर साखर खाल्ली की ती पोटात थांबतच नाही, सरळ आतड्यात जाते. मग छातीत धडधड, घाम, पोटात कळा, पाय गळून जातात, आडवं व्हावं लागतं. अर्ध्या तासात उतरतं. नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की साखर दिसली की हात मागे. मी ऐकतही होते. पण जानेवारीत ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता, त्याचा क्रीम भरलेला एक गोड पाव खाल्ला आणि विश्रांतीच्या खोलीत जाऊन पडले. तर पायांशी आई बसलेली.

आजी, स्वप्न नव्हतं. खिडकीबाहेर सायकली लावल्याचा आवाज येत होता, मी शुद्धीत होते. तिच्या अंगात निळं लोकरी जाकीट होतं, ज्याच्या डाव्या कोपरावर करड्या लोकरीचं ठिगळ आहे. बोटांना पीठ लागलेलं. वेलदोड्याचा वास. बोलत काहीच नाही, नुसती बघते. अंगातली धडधड उतरली की जाते.

मी हे ऑपरेशन का करून घेतलं ते तुला ठाऊक आहे. अडतिसाव्या वर्षी तिचं हृदय बंद पडलं, आणि डॉक्टर मला म्हणाले होते की माझंही त्याच वाटेने चाललंय. मला जगायचं होतं म्हणून पोट कापून घेतलं. आणि आता तिला बघायचं म्हणून मी साखर खाते. मूर्खपणा आहे हे कळतं. रोज नाही खात. पण शनिवारी खाते.

हान्नेला सांगू नकोस, ती चर्चमध्ये सांगेल.

तुझ्या मायेची आहे तेवढी ऊब इथवर पोचते, पाठवत राहा.
तुझी त्रिने


होयर,
१७ मार्च २०११

चि. त्रिनेस,
आजीचे अ. उ. आशीर्वाद, आज जरा घाईघाईत लिहिलेले.

तुझं पत्र मी चारदा वाचलं, चष्मा पुसून पुसून. मग कपाट उघडलं. जाकीट तिथेच आहे, डांबराच्या गोळ्यांत, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. आता नीट ऐक. ते ठिगळ मी लावलं विबेकेला इस्पितळात नेलं त्या दिवशी. जाताना म्हणाली होती, आई, कोपर उसवलंय, घरी येईन तोवर शिवून ठेव. मी शिवलं. ती आलीच नाही. म्हटलं, निदान शवपेटीत तरी घालू, फेब्रुवारी होता, जमीन इतकी गोठलेली की खणणाऱ्यांनी आधी वर जाळ केला होता, आणि माझी पोर पातळ झग्यात. मी धावत पोचले तर पेटीला खिळे ठोकून झाले होते. मी जाकीट काखेत मारून परत आले आणि कपाटाला कुलूप लावलं. ते ठिगळ तिने पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस. कुणीच पाहिलेलं नाही.

म्हणजे पोचलं तिला. बावीस वर्षं मला रात्री थंडी वाजली की वाटायचं, तिला किती वाजत असेल. आणि ती तर ते घालून बसली आहे! मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. हान्ने खिडकीतून बघून गेली, तिला वाटलं म्हातारीचं फिरलं.

बाळा, एक काम कर. पुढच्या वेळी तिला विचार, आता थंडी वाजत नाही ना. एवढंच विचार. या पत्राबरोबर डबा पाठवते आहे, त्यात ते पांढरे हलके बिस्किटाचे तुकडे आहेत, अंड्याचा बलक काढून उरलेलं पांढरं आणि साखर, दुसरं काही नाही. तोंडात ठेवलं की विरतात. एक पुरे. एकाने काय होतंय.

माझ्या गुडघ्याचं म्हणशील तर उजवा डाव्यापेक्षा बरा आहे आणि डावा बराच नाही.

लोभ भरून पाठवला आहे, डबा रिकामा करून परत पाठव म्हणजे पुन्हा भरीन.
तुझी आजी बोथिल्डे


ओडेन्से,
२९ मार्च २०११

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला कारण कपाळाला टाके पडले होते आणि वाकून लिहिलं की ठणकायचं. घाबरू नकोस, केसांत झाकले जातात.

विचारलं मी. एका तुकड्याने ती आली पण दाराशीच उभी राहिली, म्हणून आणखी खाल्ले. मग ती आत येऊन कोचावर बसली आणि मी विचारलं की आजी विचारते आहे, थंडी वाजते का. ती हसली. जाकिटाची बटणं उघडून दाखवली, जशी लहानपणी मला आत घ्यायची तशी. आणि मग आजी, ती सरकली. आजवर मी किती म्हटलं तरी सरकत नव्हती. या वेळी आपणहून सरकली, आणि शेजारी हाताने थोपटलं. तिथली जागा कोमट होती, मी हात लावून पाहिला.

ती गेल्यावर मी चहा करायला उठले. पुढचं आठवत नाही. वरच्या मजल्यावरच्या ओवेंनी धप्प आवाज ऐकला, ते आले तर मी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून पडलेली. आधी साखर अंगात भसकन चढते आणि मग तासा-दोन तासांनी तितकीच खाली कोसळते, असं डॉक्टर म्हणाले. मी बेशुद्ध होते. ओवे घरी नसते तर, असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य अर्धंच सोडलं. नर्सने विचारलं काय खाल्लं होतंस, मी सांगितलं की न्याहारी करायची राहिली. तिला खरं वाटलं नाही.

हल्ली दुसऱ्या कशाला चव लागत नाही. मासा नाही, अंडं नाही. शनिवारची वाट बघवत नाही म्हणून बुधवारीही खाते. डबा संपला आहे, तोच परत पाठवते आहे. लवकर भरून पाठव. तिने जागा केली आहे आणि मी अजून बसले नाही, याची मला रुखरुख लागली आहे. या वेळी बसेन.

तुझा लोभ डब्यातून येतो तसाच येऊ दे.
तुझी त्रिने


होयर,
४ एप्रिल २०११

चि. त्रिनेस,
आशीर्वाद. आज मोजून नाही, आहेत तेवढे सगळे.

तुझा डबा आला. तो मी धुऊन पालथा घातला आहे. भरणार नाही.

पत्र वाचताना हान्ने समोर होती. माझा चेहरा बघून तिने टोमणा मारायचं सोडलं, यावरून काय ते समज. तिला मी सगळं सांगितलं. तू रागाव. ती चर्चमध्ये नाही बोलली, उलट तिने मला गाडीत घालून कबरस्तानात नेलं, आणि ती फाटकाशीच थांबली.

आपला दगड तू पाहिला आहेस. विबेकेचं नाव डाव्या बाजूला कोरलेलं आहे, अगदी कडेला, आणि उजवी बाजू कोरी. पाथरवटाने तेव्हा विचारलं होतं की नाव मधोमध का नको. मी म्हटलं, बाबा रे, तिला सरकून राहू दे, शेजारी मी यायची आहे.

मी तिथे उभी राहून तिच्याशी बोलले. मोठ्याने बोलले, मला माझंच ऐकू येत नाही ना. म्हटलं, विबेके, तू माझी पोर आहेस आणि मी सांगते ते तुला ऐकायचं आहे. तू सरकलीस ते चांगलं केलंस, पण पाहुणी चुकलीस. ती जागा त्रिनेची नाही, माझी आहे. पोरीला थोपटून बोलावू नकोस. तिने जगायला पोट कापून घेतलंय. तुला एकटं वाटत असेल तर माझ्याकडे ये, मी दिवसभर घरीच असते, मला कुठे जायचं आहे? रडले नाही. आईने दटावताना रडून कसं चालेल.

मग घरी येऊन जाकीट बाहेर काढलं, कोमट पाण्यात धुतलं, दोन दिवस वाऱ्यावर ठेवलं. खिशात कागदात गुंडाळलेले साखरेचे खडे निघाले, कुठल्याशा खाणावळीतले, बावीस वर्षांचे, पिवळे पडलेले. तिला सवय होती, कुठेही गेली की साखर खिशात. ते मी समोरच्या शेतातल्या घोड्याला घातले. त्याने खाऊन ओठ चाटले. त्याला तरी कुणी दिसलं नाही.

गुरुवारी मी येते आहे. हान्नेची सून गाडी चालवणार, तिरकी बसून. जाकीट घेऊन येते, ते तू घालायचं आहेस. ऊब हवी असेल तर अंगात घाल, तोंडात नको. आणि आपण दोघी नर्सकडे जाऊ. तू तिला खरं सांगशील. नाही सांगितलंस तर मी सांगीन, आणि मी बोलले की सगळ्या मजल्यांना ऐकू जातं. डबा मी पाठवला होता, हेही मीच सांगीन.

पुढच्या वाढदिवसाला टेबलावर पंधरावा प्रकार ठेवणार आहे, राय-ब्रेडवर चीज आणि उकडलेलं अंडं. तो फक्त तुझा. हान्नेने हात लावला तर तिची बोटं मोडीन. तुझी खुर्ची खिडकीकडची. ती जागा तुझी, दुसरी कुठलीच नाही, मी सांगेपर्यंत नाही, आणि मी सांगायला इथे नसेन तेव्हाही नाही.

लोभ गुरुवारी स्वतः घेऊन येते, टपालावर भरवसा राहिला नाही.
तुझी आजी बोथिल्डे

ता. क. आज सकाळी मागच्या खोलीत गेले तर बाकावरची गादी डाव्या टोकाला दबलेली होती. मी ती झटकली नाही. उजव्या टोकाला बसून बिनसाखरेची कॉफी प्यायले, शेवटपर्यंत, आणि कपात पाहिलं तर तळाशी थोडं पीठ होतं.