छत्रीवाली खरी की खोटी

प्रिय घुम्या,

बघून झाली तुझी मालिका. एकही भाग गाळला नाही, सुरुवातीचं गाणंसुद्धा पुढे ढकललं नाही. तुला तिथे वॉर्डात मोबाइल देत नाहीत आणि भेटीला अजून अवकाश आहे, म्हणून पत्र लिहितेय. तुझी अट लक्षात आहे. छत्रीवाली मुलगी शेवटी खरी निघाली तर तू गोळ्या बंद करणार, आणि मालिकेतल्या त्या पोराच्या डोक्यातलीच निघाली तर मुकाट घेत राहणार. "त्याला दिसतं ते खरं असेल, तर मला ऐकू येतं तेही खरं," असं म्हणालास, आणि इतक्या शांतपणे म्हणालास की मी मान डोलावून मोकळी झाले. आपण कशाला हो म्हणून आलोय, हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

बाबाही बसले सोबत. मी बोलावलं नव्हतं, आपणहूनच खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि असे बसले, जसं कुणी त्यांना निवृत्तीनंतर पुन्हा लिफ्टचा बिघाड शोधायला बोलावलंय. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका, हे समजावण्यातच माझा पहिला भाग गेला. त्यांना सगळी माणसं सारखीच दिसत होती. एवढाले डोळे आणि एवढंसं नाक, यांना सर्दी झाली तर कसं करत असतील, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं. पुढे मात्र गुंतले. तो पोरगा सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो स्वतःलाच फसवतोय, हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं. वर्गातली मुलं एकेक करून नाहीशी होतात, आणि ती कधी होती हेसुद्धा त्याच्याशिवाय कुणाला आठवत नाही. गच्चीवर त्याला छत्रीवाली भेटते, तीही फक्त त्यालाच दिसते. मग तो घरी येतो, तर मोठी बहीण ताट वाढून वाट बघत बसलेली. कुठे होतास, काय करत होतास, काही विचारत नाही. बाबा म्हणाले, ही बरी आहे, तुझ्यासारखी कटकट करत नाही.

घरात सगळं आहे तसंच आहे. म्हणजे तू सांगितलंस म्हणून बाबांनी काढलेलं काहीच परत लावलेलं नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या पंख्यातून कुणीतरी ऐकतंय म्हणालास, त्यांनी पंखा काढून भोक बुजवलं. मग दाराची बेल गेली. मग बाथरूममधला आरसा. तुला बरं वाटावं म्हणून आम्ही हो ला हो करत गेलो, आणि प्रत्येक वेळी थोडे दिवस तुला बरं वाटायचंही. डॉक्टरीणबाईंनी परवा आम्हा दोघांना बसवून सांगितलं की त्याच्याशी वाद घालू नका, पण त्याची रीही ओढू नका, जे आहे ते आहे म्हणा. बाबांनी खाली बघत सगळं ऐकलं. घरी आल्यावर स्क्रूड्रायव्हर उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि हात धुतले.

माझं विचारशील तर काही विशेष नाही. खरंच नाही. तू गेलास तेव्हापासून मला काही वाटतच नाहीये. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालंय. लॅबमध्ये जाते, मेणात दात रोवते, कवळ्या घासते, घरी येते. मागच्या आठवड्यात एका आजोबांच्या कवळीत मी कुणा तरुण बाईंसाठी काढून ठेवलेले बारीक, पांढरेशुभ्र दात बसवले. मालकांनी ती कवळी उजेडात धरली आणि म्हणाले, आजोबा पुन्हा बोहल्यावर चढतायत का? सगळे हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. मग एकेक दात काढून नव्याने लावत बसले. आधी अशी चूक झाली असती तर मी रडून लॅब डोक्यावर घेतली असती, तुला माहीत आहे.

शेवटचा भाग रविवारी दुपारी बघितला. संपला तरी बाबा उठले नाहीत. पडद्यावर नावं वर सरकत होती, आणि ती वाचता येत नसूनही ते बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला सांग, खोटी निघाली. विषय संपव." मी बरं म्हटलं. तसं पत्र लिहिलंसुद्धा, चार ओळींचं. बंद करायच्या आधी एकदा वाचलं आणि वाटलं, हे म्हणजे अजून एक भोक बुजवणंच झालं. फाडून टाकलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तर ऐक. छत्रीवाली खरी आहे. नाहीशा झालेल्या मुलांपैकीच एक, आणि सगळा वेळ तीच त्याला शोधत होती. पैज तू जिंकलास. खोटी निघाली ती बहीण. ती कधी नव्हतीच. ताट तो स्वतःच वाढून घ्यायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत जेवायचा. हे तुला समोर बसून सांगितलं असतं, तर ऐकता ऐकता तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतंस ती मला झेपली नसती. म्हणून आधी कागदावर सांगून टाकतेय, म्हणजे येईन तेव्हा तुझा विचार करून झालेला असेल. मालिका तुझ्या बाजूने संपली, तरी गोळ्या घे. त्या पोराला 'घे' म्हणणारं घरात कुणी नव्हतं. तुला मी म्हणतेय. शनिवारी येते. माझ्या असण्याबद्दलच शंका आली असेल तर काही बोलू नकोस, नुसता माझा हात धर आणि जोरात दाब. मी ओरडेपर्यंत सोडू नकोस. वेळ लागेल बहुतेक, पण मलाही ओरडायचंय रे.

तुझीच, शनिवारपर्यंत आणि त्यानंतरही,
ताई